वीतभर माया

आमच्या घरात बेतणारी माणसं दोन. माय कापड बेतायची, बाबा लाकूड. ओसरीच्या एका टोकाला मायची पायमशीन, दुसऱ्या टोकाला बाबांचा ठिय्या, आणि मधे दोन्हीकडचा कचरा झाडायला मी. एका सुपात कतरणं, दुसऱ्यात ढलप्या. पोलक्याचं माप देऊन बाई उठली की माय तिला सांगायची, "माया सोडली हाय वो, पोरीचं अंग भरनार हाय." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, बोटभर नाहीतर दीड बोट. बाहेरून ते दिसत नाही. वर्षभराने शिवण उसवली की तेच पोलकं पुन्हा अंगाला येतं. बाबा तिकडून वाकस चालवत हसायचे. "आमच्या धंद्यात माया नाई. लाकूड कापलं का कापलं."

बाबा वाढई होते, मीही आहे. चौकटी, दारं, दिवाण, पाळणे हे रोजचं काम. त्यातून वर्षाला चार-पाच डोंगे. हे सांगितलं की बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, सिंदेवाहीत नावा कोण घेतं? सिंदेवाही म्हटलं की लोकांना भाताचं संशोधन केंद्र आठवतं, हल्ली वाघ आठवतात. नदी म्हणावी तर तालुक्यातून उमा वाहते, आणि उन्हाळा लागला की तीही वाळूत अंग टाकते. वैनगंगा लांब, पूर्वेला. पण आमचं पाणी नदीच्या भरवशावर कधीच नव्हतं. झाडीपट्टीत गाव तिथे तलाव, तलाव नाही तिथे निदान एखादी बोडी. मालगुजारांच्या वेळचे म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. 'माजी मालगुजारी' याचं ते सरकारी आखूड रूप, पण गावाला वाटतं तलाव खरोखर मामाच आहे, हाक मारली की काहीतरी देणारा. आमचा नलेश्वर, पलीकडे नागभीड तालुक्यात घोडाझरी, सावलीकडे आसोलामेंढा हे त्याहून मोठे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी अमलात बांधलेले. बांधले ते धानासाठी. पण पाणी साठलं की मासा येतो, मासा आला की ढिवर येतो, आणि ढिवराला डोंगा लागतो. त्या रांगेत शेवटी मी उभा असतो.

डोंगा दुकानातून आणता येत नाही. सायकल आणता येते, पंप आणता येतो. डोंग्याला कुठला तलाव, किती खोल, गाळ किती, जाळं फेकायचं की लावायचं, शिंगाडे काढायचे का, एकटा जाणार की बायको सोबत, हे सगळं विचारावं लागतं. फेकजाळंवाला डोंग्यात उभा राहून कमरेतून पिळा देतो, त्याला रुंदी हवी. शिंगाड्यावाल्याला वेलींच्या गचपणातून सरकायचं असतं, त्याला रुंदी नकोच, टोक हवं. गिऱ्हाईक हे शब्दांत सांगत नाही. तो सुतळीला गाठी मारून आणतो. पहिली गाठ लांबीची, दुसरी रुंदीची. तिसरी कसली म्हणून विचारलं तर एकाने सांगितलं होतं, "ते चुकीनं पडली बापू."

बाबांच्या तरुणपणी डोंगा म्हणजे मोहाचं एक खोड. गाठी नसलेलं, सरळ, कवेत न मावणारं. ते दोन बल्ल्यांवर आडवं ठेवून हलकेच ढकलायचं. खोड डुलतं, मागेपुढे होतं आणि एका अंगावर येऊन थांबतं. जी बाजू खाली आली ती जड, तेच डोंग्याचं बूड. मग वरून कुऱ्हाडीने खाच, आतून वाकसाने कोरणं. भिंत किती जाड उरली हे बाबा कानाने मोजायचे. बाहेरून बोटाच्या पेराने ठोकत जायचे आणि आवाज बदलला की थांबायचे. मी कितीतरी वेळा कान लावला, मला सगळीकडे एकच आवाज यायचा. एकदा मी म्हणालो, इथे अजून जाड आहे. बाबांनी काही न बोलता वाकस माझ्या हातात दिला. चौथ्या घावाला उजेड दिसला. महिनाभराच्या कामाला पैशाएवढं भोक. बाबांनी त्याला लाकडाची खुंटी ठोकली, कापसाची वात राळेत भिजवून भोवती भरली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, हा डोंग्याचा डोळा आहे. ते गिऱ्हाईक पुढे वर्षानुवर्षं त्या खुंटीला हळद लावत होतं, असं माय सांगायची.

खोडाचे दिवस संपले ते एका झटक्यात नव्हे. जंगल होतं तिथेच आहे, पण मोह तोडायला, अगदी स्वतःच्या धुऱ्यावरचा असला तरी, परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात मोह आहे, सागवान आहे, बिजा आहे, येन आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मोहाची फुलं दरवर्षी घर चालवतात, डोंगा एकदाच होतो. एका डोंग्यासाठी एक मोह पाडायचा हा हिशोब बाबांनाही शेवटी शेवटी पटेनासा झाला होता. मग फळ्यांचा डोंगा आला, सागवानाचा.

आणि सागवानाच्या देशात राहून सागवान मिळत नाही ही एक मजाच आहे. आमच्या भागातल्या सागाचं नाव देशभर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान निघालं तेव्हा मिरवणूक निघाली होती, लाकडावर फुलं पडली होती. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत उघडलेल्या नव्या संसदेतही विदर्भाचंच सागवान आहे. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. पण मिरवणुकीच्याच आठवड्यात मी आरामशीनवर दोन डोंग्यांच्या फळ्या मागायला गेलो होतो आणि भाव ऐकून चौकटीपुरतं लाकूड घेऊन परत आलो. आमचं लाकूड मोठ्या घरी नांदायला जातं. माहेरी उरतं ते पांढरं, गाभा नसलेलं, कीड लागणारं.

तसल्याच लाकडाने मला पहिला धडा दिला. बाबा गेल्यावर एकट्याने केलेला पहिला डोंगा. लाकूड ओलं होतं, विकणाऱ्याने वाळलेलं म्हणून दिलं, आणि मीही घाईत हाताला लागणारा थंडावा ओळखला नाही. ओलं लाकूड वाळताना लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत आखडतं. म्हणजे फळी लांबीला इमानदार आणि रुंदीला बेईमान. पावसाळ्यात डोंगा झकास चालला. उन्हाळ्यात पाणी आटलं, डोंगा महिनाभर काठावर पालथा पडून राहिला आणि प्रत्येक सांध्यातून करवतीचं पातं जाईल एवढी फट उघडली. शिवाय एका अंगाच्या फळ्या दुसरीपेक्षा जड, त्यामुळे डोंगा डावीकडे कलायचा. मी पैसे परत करायला गेलो. त्या भावाने घेतले नाहीत. "उजव्या अंगाले गोटा ठेवला का सरका चालते," म्हणाला. दोन वर्षं त्याने तो गोटा घेऊन मासेमारी केली. तलावावर त्याला सगळे गोटेवाला म्हणायचे. तो हसायचा, मी मात्र त्या बाजूला जायचं टाळायचो.

आता बहुतेक डोंगे पत्र्याचे. सोळा गेजचा लोखंडी पत्रा, आत अँगलच्या फासळ्या, सांध्याला वेल्डिंग, वरून रेडऑक्साइड. वाढयाचा मी अर्धा लोहार झालो. पत्रा स्वस्त पडतो, आखडत नाही, वाळवी लागत नाही. नवीन पोरं म्हणतात, लाकडापेक्षा हेच बरं. बरंच आहे. फक्त एक गोष्ट पत्र्यात नाही, ती म्हणजे लाकडाची दया. लाकडाचा डोंगा पाण्याने काठोकाठ भरला तरी बुडत नाही. पाण्याच्या पातळीला येऊन लोळत राहतो, धरायला मिळतो. पत्र्याचा डोंगा भरला की खाली जातो, थेट गाळात, आणि धरणाऱ्या हाताला काहीच ठेवत नाही. म्हणून मी दोन्ही टोकांना पत्र्याचे हवाबंद डबे बसवतो. पाणी भरलं तरी तेवढ्या हवेवर डोंगा तरंगत राहतो. या डब्यांचे पैसे मागताना जेवढी घासाघीस होते तेवढी बाकी कशावर होत नाही. "बापू, टोकातल्या हवेचे पैसे का घेतेस?" मी घेतो. आणि कुणी अगदीच अडून बसलं तर न घेता बसवतो, पण बसवतोच.

२०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात एक जहाज दाखल झालं, कौंडिण्य. त्यात म्हणे फळ्यांना खिळे नाहीत. काथ्याच्या दोरीने शिवलेलं आहे, आणि फटी राळेने बुजवल्या आहेत. गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी शिवलं, आणि नमुना कुठला, तर अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं चित्र. आराखडा नाही, मापं नाहीत, फक्त एका चित्रकाराने पाहिलेली नाव. मोबाइलवर ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल. दोन माणसं फळीच्या अल्याडपल्याड बसून दोरी ओढत होती, अगदी माय गोधडीला टाके घालताना पलीकडून मला सुई ओढायला सांगायची तसं. ते जहाज तरंगेल का, कललं तर पुन्हा सरळ होईल का, हे आधी मद्रासच्या आयआयटीत लहान प्रतिकृती करून पाण्यात तपासून घेतलं. मला ते फार आवडलं. अजिंठ्याच्या चित्रकारावर विश्वास ठेवला, पण पाण्याला विचारल्याशिवाय नाही.

पाण्याला न विचारता केलेल्या कामाची एक मोठी गोष्ट आमच्याच भागात पडून आहे. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांना इकडचा कापूस आगबोटीने समुद्रापर्यंत न्यायचा होता. गोदावरीतून वर प्राणहितेत, तिथून वर्धा नदीत. नदीत आडव्या पसरलेल्या खडकांचे तीन अडथळे होते, तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ. कालवे खणले, दारं बांधली, सिरोंचाला जिल्ह्याचं ठाणं दिलं. १८७१ साली सगळं गुंडाळलं. तोवर रेल्वे आली होती आणि उन्हाळ्यात नदी पाणी देत नव्हती. एवढी अक्कल आमच्या सुतळीवाल्या ढिवराला असते. तो आधी विचारतो, मे महिन्यात तलावात किती उरते?

एका संस्थेने मात्र असंच काहीसं माझ्याकडून करून घेतलं. योजनेत सहा डोंगे मंजूर झाले होते, कागदावर एकच माप छापलेलं. मी म्हणालो, दोन गावांचे तलाव उथळ आहेत, त्यांना खोल बुडाचा डोंगा चालणार नाही. साहेब म्हणाले, माप बदललं तर बिल अडकेल. बिल तसंही दीड वर्ष अडकलं. सहापैकी एक डोंगा पुढे लग्नाच्या मांडवात बर्फ आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला वापरलेला मी पाहिला. त्या कामाला मात्र तो चांगला होता.

पण मला सांगायचं आहे ते एका मापाबद्दल.

तीन-चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक ढिवर भाऊ सायकलवर आला, मागे बायको. सुतळी नव्हती. म्हणाला, "मले निजता आलं पायजे, असा डोंगा करजो."

मला आधी कळलंच नाही. जाळं संध्याकाळी लावायचं आणि पहाटे अंधारात काढायचं हा त्यांचा नेम. घर ते तलाव दीड कोस, मधे झुडपी जंगल. पूर्वी तो पहाटे चारला निघायचा. आता त्या वाटेवर वाघ असतो. 'असतो' हे तो अशा सुरात म्हणाला की जणू पोस्टमन असतो. आमच्या तालुक्यात ही गोष्ट फुगवून सांगावी लागत नाही. २०२५ च्या मे महिन्यात मेंढामालच्या तीन बायका तेंदूपानं तोडायला गेल्या आणि एकाच सकाळी वाघिणीने मारल्या. हा माणूस आला तेव्हा ते अजून व्हायचं होतं, पण तसलं आधीही होत होतं. त्याने मनाशी तोड काढली होती. संध्याकाळी जाळं लावून तलावाच्या मधोमध जायचं, दोरीला गोटा बांधून खाली सोडायचा आणि डोंग्यातच झोपायचं. पहाटे उठून जाळं काढायचं आणि उजाडल्यावर घरी.

मी म्हणालो, "वाघ पोहतो, भाऊ."

"पोहते, मालूम हाय. पन पानी हालल्याबिगर थोडी पोहते? पानी हाललं का डोंगा हालते, डोंगा हालला का मी जागा."

यावर मला काही बोलता आलं नाही. तीस वर्षं वल्हं मारलेल्या माणसाने झोपेचंही गणित केलं होतं. मग मी कामाचं बोलायला लागलो. डोंग्याला मधे आडव्या पट्ट्या असतात, दोन्ही कडांना धरून ठेवणाऱ्या. माणूस निजायचा तर मधली जागा मोकळी हवी. पट्ट्या टोकांकडे सारल्या तर मधे कडा बाहेर फाकतात. त्यावर उपाय म्हणजे कडेला दुहेरी अँगल. वजन वाढेल, पैसेही. ते तो ऐकतच नव्हता, त्याला फक्त आपण आत मावतो का हे पाहायचं होतं. मी जमिनीवर फळी टाकली आणि म्हणालो, निजा. पायांना किती जागा लागते ते खडूने आखून घेतो.

तो निजायला वाकला, आणि त्याची बायको उठलीच. आतापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती.

"निजवून माप नोको घेऊ गा. तसं माप एकदाच घेतेत."

माझा खडू हातातच राहिला. तिरडीचा बांबू तोडतानाच निजलेल्या माणसाचं माप घेतात हे मला काय माहीत नव्हतं? पण हाताला सवय झाली की डोकं मागे राहतं. भाऊ ओशाळून उभा राहिला. मी त्याला ठिय्याच्या दाराला पाठ लावून उभं केलं, टाचा चौकटीला, आणि डोक्यावर गुण्या ठेवून चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारली. पाच फूट चार इंच. अंगावर पांघरूण आणि पायाशी कंदील धरून साडेसहा फूट मोकळी जागा बेतली. बायको तोवर त्या फळीवरची धूळ पदराने झटकत होती. तो निजलाच नव्हता, पण तिला ती जागा पुसून घ्यायची होती.

डोंगा झाला. चौदा फूट लांब, अडीच फूट रुंद, बूड सपाट, कडा चौदा इंच. आता त्यात बाबांच्या आणि मायच्या म्हणण्याची गाठ कशी पडते ते सांगतो. एवढ्या आकाराच्या डोंग्यात एक माणूस बसलं की डोंगा साधारण एक बोट खाली जातो. बोट म्हणजे हाताचं. रिकामा पत्रा स्वतःच्या वजनाने दोन बोटं बुडतो. दोन माणसं, ओलं जाळं, टोपलीभर मासे, की आणखी चार बोटं. तरी पाण्याच्या वर कडेपर्यंत वीतभर उरते. ती वीत कामाची नाही. तिच्यात काही ठेवत नाहीत, ती कशाला धरत नाही. तेवढा पत्रा वाचवला तर डोंगा हलका होईल, स्वस्त होईल, आणि कुणीतरी तसं सुचवतंच. पण दुपारी वारा सुटला, जाळं अडकलं आणि माणूस एका बाजूला ओणवला, की डोंगा त्या वितेतूनच वाकून परत येतो. ती माया. बाबा म्हणायचे आमच्या धंद्यात नाही, ती. मायच्या पोलक्यात ती आत दुमडलेली असायची, डोंग्यात ती सगळ्यांसमोर उघडी असते. म्हणूनच लोकांना ती रिकामी वाटते.

रिकामं दिसलं की भरावंसं वाटतं. माझ्याकडून दोन माणसांच्या मापाने नेलेला डोंगा पोळ्याला सहा पोरांना घेऊन फिरतो, धानकापणीला पलीकडच्या बांधीवर बायका नेतो. पाच बसल्या, सात बसल्या, दहा बसल्या तरी तो बुडत नाही. हेच वाईट. दहा माणसांनी अर्धी वीत अजून उरते, आणि अर्ध्या वितेवर डोंगा शांत पाण्यात अगदी शहाण्यासारखा चालतो. जोवर सगळे समोर बघून बसले आहेत तोवर. एकीने मागे वळून पोराला हाक मारली, दुसरी तिच्यासोबत वळली, की कड पाण्याला टेकते. आणि एकदा पाणी कड ओलांडून आत आलं की ते नेहमी खालच्या बाजूलाच धावतं.

२०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडायला पलीकडे, आमच्या जिल्ह्यात निघालेल्या बायका होत्या. मजुरीची सकाळ. त्यातल्या कितीतरी जणी घरी आल्या नाहीत. नदीचे ते घाट माझ्या गिऱ्हाइकांचे नाहीत, माझा एकही डोंगा त्या बाजूला नाही. बातमी वाचून झाल्यावर मनात पहिली गोष्ट हीच आली, आणि मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची एवढी लाज वाटली की त्या दिवशी मी ठिय्या उघडला नाही. आमच्या भाषेत बेतणं म्हणजे मापाने करणं, आणि जिवावर बेततं तेही बेतणंच. मी आयुष्यभर पहिलं बेतणं केलं. दुसरं माझ्या दारातून निघून गेल्यावर कुठेतरी घाटावर होतं, तेव्हा तिथे मी नसतो. ज्याच्या मापाने डोंगा केला तोही कित्येकदा नसतो.

माझा भाचा तेव्हा मर्चंट नेव्हीच्या परीक्षेची तयारी करत होता. सिंदेवाहीचं पोरगं, समुद्र पाहिलेला नाही. त्याच्या पुस्तकात एक गोल आणि मधून आडवी रेघ, असं चित्र होतं. प्लिमसॉलची रेघ. इंग्लंडात जुनाट जहाजांचा भरमसाट विमा उतरवून मालक ती खच्चून भरायचे, बुडाली तर मालकाचं नुकसान नाही, मरायचे खलाशी. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने आरडाओरडा करून १८७६ साली कायदा करवून घेतला. प्रत्येक जहाजाच्या अंगावर रेघ हवी, ती बुडेपर्यंत माल भरायचा नाही. गंमत अशी की रेघ कुठे मारायची हे सुरुवातीला मालकावरच सोडलं होतं. ते दुरुस्त व्हायला १८९० उजाडलं. भाचा पाठ करत होता, मी ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी जो डोंगा रंगवत होतो त्याच्या दोन्ही अंगांना, कडेपासून एक वीत खाली, पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला.

तेव्हापासून प्रत्येक डोंग्याला ओढतो. लोकांना वाटतं शोभेचा आहे. एकाने त्यावर पिवळी नक्षी करून मागितली, करून दिली. एकाने पट्ट्याच्या वर पोरीचं नाव लिहिलं, म्हणजे डोंगा भरला तरी नाव कोरडं राहतं. मला ते आवडलं, मी काही बोललो नाही. समजावून सांगतोही, पण माणसं मान डोलावतात आणि मग घाटावर दहाजण बसतात. पट्टा बुडला म्हणून कुणी उतरल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात निजणाऱ्या भावाचा डोंगा दुरुस्तीला आला. दोन पावसाळे काढले होते. बुडाला गंज, एक सांधा उकललेला, आणि आत साडेसहा फुटांच्या जागेत पत्र्यावर माणसाच्या अंगाएवढा रंग घासून गेलेला. डोकं कुठे, खांदे कुठे, टाचा कुठे, सगळं कळत होतं. वेल्डिंग करताना मी त्या ठशाच्या बाजूने बसलो, वर बसलो नाही. त्याने पट्टाही ओढायला सांगितला, त्याच्या डोंग्याला तो नव्हता. आणि म्हणाला, आता पोरगं पण येते सोबत, शाळा सुटल्यावर.

रंग वाळल्यावर डोंगा ट्रॅक्टरवर घालून मीच तलावावर सोडायला गेलो. शिंगाड्याचे दिवस होते. पलीकडच्या अंगाला त्यांनी काढलेले शिंगाडे पोत्यांत भरून ठेवले होते, ते इकडच्या घाटावर आणायचे होते. मी पाळीवर बसून बिडी पेटवली. डोंगा गेला, पोती चढली, पोत्यांवर पोरगं चढलं, आणि डोंगा काठाकाठाने परत यायला लागला. इकडे येता येता पोरगं पोटावर पालथं झालं, कडेवरून खाली वाकून पाहायला लागलं, आणि ओरडलं, "बाबा, पट्टा बुडला!"

बापाने वल्हं थांबवलं. एकदा पोत्यांकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग डोंगा पाळीला लावला.

"उतर," म्हणाला.

"मी कायले? पोतं उतरव."

"पोत्याले चालता येते का?"

पोरगं उतरलं. चपला हातात, तोंड फुगलेलं. डोंगा पुन्हा पाण्यात सरकला, पांढरा पट्टा एकदा दिसला, लाटेने झाकला, पुन्हा दिसला. पोरगं पाळीवरून त्याच्या बरोबरीने चालत होतं आणि बापाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला नावं ठेवत होतं.